दोन्ही बाजूंनी पाणी

गुरुवारी सकाळी धम्मपाल धोंडिराम खरातच्या दारावर खडूनं सात आकडा टाकून गेला. नाल्याकाठच्या अकरा घरांवर त्यानं असेच आकडे टाकले. नाला रुंद होणार होता, घरं जाणार होती, आणि ज्यांचे कागद बरोबर असतील त्यांना स्टेशनच्या बाजूला नव्या बिल्डिंगमध्ये खोली मिळणार होती. सोमवारी सर्व्हे होता.

धम्मपाल वस्तीतलाच. लोकांचे फॉर्म भरून द्यायचा, ऑफिसांतून हेलपाटे घालायचा. अकरा घरं फिरून तो परत सात नंबरला आला आणि पायरीवर बसला.

"काका, तुमचं एक लफडं आहे."

"कसलं?" धोंडिरामनं विचारलं.

"तुमची मागची खोली."

आत अस्मिता डबा भरत होती, तिचा हात थांबला. अस्मिता त्याची मुलगी. नवऱ्यानं टाकल्यावर सहा वर्षांपूर्वी माहेरी आली ती इथंच राहिली. मॉलमध्ये साफसफाईच्या कामाला जायची.

खाणवस्ती मुलुंडच्या अगदी टोकाला होती. पूर्वी तिथं दगडाची खाण होती. वस्ती झाली तेव्हा हद्द कुणी बघितली नव्हती. पुढं कळलं की मुंबईची हद्द घरांच्या मधून जाते आणि मागच्या भिंतीपासून ठाणं लागतं. धोंडिरामच्या घराच्या कोपऱ्याला हद्दीचा दगड होता. शेवंती, त्याची बायको, त्या दगडावर कपडे आपटायची. पुढची खोली त्यानं आधी बांधली, गल्लीकडं दार काढून. चौऱ्याण्णव साली मागं दुसरी खोली काढली, ती दगडाच्या पलीकडं गेली. तिथं ओटा घातला. दोन खोल्यांच्या मध्ये अडीच फुटांची वाट ठेवली. तिला दार नव्हतं, शेवंतीच्या जुन्या साडीचा पडदा होता. वस्तीतले लोक म्हणायचे, खरातांच्यात भात ठाण्यात शिजतो आणि जेवायला मुंबईत येतो.

पुढच्या खोलीची घरपट्टी धोंडिराम अलीकडच्या, मुंबईच्या पालिकेला भरायचा. मागच्या खोलीला बरीच वर्षं कुणी विचारलं नाही.

मग शेवंतीच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या मशीनवर घ्यायला सांगितलं. मुंबईच्या बाजूला नंबर लागायला पाच महिने होते. पलीकडच्या पालिकेच्या सेंटरात जागा होती, पण तिथल्या रहिवाशांना आधी. तेव्हा धोंडिरामनं दोन दिवसांत मागची भिंत फोडली, पलीकडच्या रस्त्याकडं दार काढलं आणि ती खोली वेगळं घर म्हणून तिकडच्या पालिकेत शेवंतीच्या नावावर चढवली. त्यानं स्वतः जाऊन, रांगेत उभं राहून, घर नोंदवून घेतलं. घरपट्टी लावा म्हणून मागं लागणारा माणूस तिथल्या क्लार्कनं पहिल्यांदाच बघितला असेल. पावती मिळाली, नंबर लागला. रिक्षा अगदी नव्या दाराला येऊन लागायची. शेवंती आणखी तीन वर्षं जगली. मागच्या एप्रिलात, बाबासाहेबांच्या जयंतीच्या आठ दिवस आधी, त्याच मागच्या खोलीत सकाळी गेली.

"कॉम्प्युटरमध्ये आता असं दिसतं," धम्मपाल सांगत होता. "तुमच्या नावावर इकडं एक घर, काकूंच्या नावावर तिकडं दुसरं. आणि मधून वाट. म्हणजे घर एक की दोन? एक म्हणाल तर अर्धं हद्दीबाहेर आहे, दार तिकडं आहे, ते बोलतील तिकडं जा. आणि तिकडं ही स्कीमच नाही."

"मग?"

"मग दोन म्हणायचं. मधली वाट बंद करा. पुढची खोली वेगळी दिसली पाहिजे. चार भिंती, एक दार, गल्लीकडं. नाव तुमचं, पावत्या तीस वर्षांच्या. बास."

"आन् मागची?"

"मागची मागं राहू द्या ना. तिच्याशी तुमचा संबंध नाही, असं दाखवायचं."

धोंडिरामनं तंबाखूची पुडी उघडली आणि तशीच बंद केली.

"भिंत पक्की पाहिजे हां काका. प्लाय मारलात तर त्या सर्व्हेच्या मॅडम बोट लावून ओळखतात." तो उठला. "तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही स्वतःच मिस्त्री."

तो गेल्यावर अस्मिता दाराशी आली. "बाबा, तुमच्या मनात नसेल तर नको."

"मनात नसंल तर नाल्यावर ऱ्हाशील का?"

"भाड्यानं बघू कुठं तरी."

"तुझा पगार किती, भाडं किती?" तो म्हणाला. "जा, उशीर होतोय तुला."

शनिवारी टेम्पो शंभर विटा घेऊन आला. गल्लीत टेम्पो शिरत नव्हता, म्हणून विटा पलीकडच्या रस्त्यानं मागच्या दाराशी उतरवल्या. धोंडिरामनं त्या मोजून आत घेतल्या आणि मोरीत भिजत घातल्या. बासष्ट वर्षांचा माणूस, गुडघे वाजत होते. गेल्या एप्रिलपासून त्यानं कामाला हात लावला नव्हता. थापीच्या मुठीला जाळं धरलं होतं. ओळंब्याची दोरी उंदरानं कुरतडली होती, ती त्यानं गाठ मारून जोडली.

रविवारी अस्मितानं सुट्टी घेतली. दोघांनी आधी मागच्या खोलीतलं सामान पुढं आणलं. गॅस, डबे, हंडा, कुकर. मशीनला जाताना लागायची ती पिशवी खुंटीला तशीच होती, तिच्यात फाइल आणि एक शाल. अस्मितानं ती काढायला हात घातला.

"ती राहू दे."

"आणि खाट?"

"खाट बी राहू दे. पुढं जागा कुठाय."

पडदा त्यानं स्वतः काढला. चार घड्या घालून अस्मिताकडं दिला. मग छिन्नी-हातोडा घेतला. जुन्या गिलाव्याला टोचे मारल्याशिवाय नवी भिंत धरत नाही, नुसती टेकून उभी राहते. वाटेच्या डाव्या बाजूला तो खालून वर टोचे मारत गेला. कमरेच्या वर आला आणि थांबला.

तिथं गिलाव्यात त्याची सही होती.

चौऱ्याण्णवची. खोली झाली तेव्हा तो अंगठेबहाद्दर होता. शेवंती चौथी शिकलेली, त्याच्याच हाताखाली बिगारी होती. दिवसभर घमेली वाहायची आणि संध्याकाळी ओल्या गिलाव्यावर खिळ्यानं त्याला अक्षरं काढून द्यायची. अवो, ध काढा ध. धोतराचा ध. आठ दिवस तिनं त्याला तो गिलावा पुसून पुसून लिहायला लावला. धोंडिराम म्हणायचा, मिस्त्रीला बिगारी शिकवतीय, लोकं हसतील. ती म्हणायची, हसू द्या, पर उद्या मुकादमानं कोऱ्या कागदावर अंगठा घेतला तर तुमचं नाव कोण सांगंल? नवव्या दिवशी बरोबर आलं. तेवढं तिनं पुसू दिलं नाही. गिलावा तसाच वाळला. धोंडिराम खरात. 'रा'चा काना लांब खाली आलेला. त्या दिवसापासून तो बँकेत, रेशनला, पोरीच्या शाळेत, सगळीकडं सही करत आला.

"बाबा, काय झालं?" अस्मितानं विचारलं.

"काय न्हाई."

"ते राहू द्या ना. तेवढ्या जागेत काय फरक पडतो?"

"तिथंच भेग जाईल."

त्यानं छिन्नी लावली. पहिला टोचा 'ध'वर बसला. गिलावा चांगला होता, एकास चार सिमेंट-वाळूचा, सहज सुटेना. सगळं पडायला बराच वेळ गेला. खपल्या पायाशी पडल्या, त्या अस्मितानं सुपलीत भरल्या आणि कुठं टाकायच्या ते न कळून कोपऱ्यात ठेवल्या.

मग माल कालवला. विटा मागच्या खोलीत होत्या म्हणून अस्मिता तिकडं उभी राहिली आणि तो पुढच्या खोलीत. ती वाटेतून वीट द्यायची, तो लावायचा.

"आडवी दे. आडवी. अशी दिलीस तर मला हातात फिरवावी लागती."

"मला काय माहीत, बाबा?"

"तुझ्या आयला सांगावं लागत नव्हतं."

शेवंतीची वीट त्याच्या हातात मागायच्या आधी यायची. त्याची थापी माल पसरून उचलली की वीट तिथं असायची. दोघं पंधरा-पंधरा मजली इमारतींवर असं काम करायचे, दिवसभरात चार शब्द बोलायचे. लोकांना वाटायचं दोघांचं भांडण झालंय.

तिसऱ्या थरानंतर अस्मिताचा हात बसला. ती वीट आडवी द्यायला लागली. भिंत तिच्या गुडघ्यापर्यंत आली, मग कमरेपर्यंत. धोंडिराम दर थराला ओळंबा सोडायचा आणि एक डोळा मिटून बघायचा. छातीपर्यंत आली तेव्हा त्यानं खाली पाटी उलटी घालून तिच्यावर पाय दिला. अस्मिताच्या मागं खाट दिसत होती. खाटेवर गादी गुंडाळलेली. खुंटीला पिशवी.

"पाणी पितेस का?" त्यानं विचारलं.

"तिकडंच आहे सगळं, तुमच्याकडं."

त्यानं भिंतीवरून तांब्या दिला. ती पाणी प्याली आणि तांब्या परत दिला.

भिंत तिच्या डोळ्यांपर्यंत आली. आता फक्त कपाळ आणि विटा धरलेले दोन हात दिसत होते. शेवटच्या दोन थरांना तर नुसते हातच. वाटेवरच्या लिंटलच्या खाली एक वीट बसेल एवढी जागा उरली.

"आता जा," तो म्हणाला. "दाराला कुलूप घाल आन् फिरून ये."

"एक वीट देते आणि जाते."

"माझ्याकडं हाय. तू जा."

ती गेली हे कुलपाच्या आवाजावरून कळलं. पूर्वी एका खोलीतून दुसरीत जायला एक पाऊल लागायचं. आता रस्त्यानं वर जाऊन, चौकातून वळून, नाल्याचा पूल ओलांडून गल्लीत यायचं. वीस मिनिटं लागणार. तेवढ्या वेळात धोंडिरामनं शेवटची वीट तासून बसवली आणि सांधे भरले. अस्मिता आली तेव्हा तो भिंतीकडं तोंड करून उलट्या पाटीवर बसला होता. हातावरचा माल वाळला होता.

"गिलावा करू आजच?" तिनं विचारलं.

"आधी वीट पाणी पिऊ दे."

सोमवारी अकराच्या सुमाराला सर्व्हेच्या मॅडम आल्या. चाळिशीच्या, पायात कॅनव्हासचे बूट, हातात टॅब. बरोबर टेप धरणारे दोघं आणि धम्मपाल. मागं वस्तीतल्या पाच-सात बाया, बघायला.

टेप लागली. दहा बाय साडेबारा. मॅडमनी पावत्या बघितल्या. मग त्या मागच्या भिंतीपाशी गेल्या. सगळ्या खोलीला फिका निळा रंग होता आणि मधेच अडीच फूट रुंद, साडेसहा फूट उंच लाल विटा. मॅडमनी विटेवर तळवा टेकवला. तो ओला झाला. त्यांनी तो रुमालाला पुसला.

"ही कधीची भिंत?"

"जुनी आहे मॅडम," धम्मपाल म्हणाला. "गिलावा राहिलाय फक्त."

मॅडम धोंडिरामकडं बघत होत्या. त्याच्या नखांत सिमेंट होतं. त्यानं हात मागं घेतले.

"पाणी मारत जा," त्या म्हणाल्या. "थंडीत बांधकाम लवकर सुकल्यासारखं वाटतं."

टॅबवर त्यांनी काही लिहिलं आणि पुन्हा थांबल्या. "पत्नीचं नाव शेवंती?"

"व्हय."

"त्यांच्या नावावर पलीकडं एक घर आहे. घरपट्टी चालू आहे, ह्या सप्टेंबरलाही भरलीय. कोण भरतं?"

धोंडिराम खाली बघायला लागला. ते बिल शेवंतीच्या नावानं यायचं. ती गेल्यावर गॅसचं, रेशनचं, बँकेचं, सगळं नाव कमी झालं होतं. तिच्या नावानं येणारा तेवढा एकच कागद राहिला होता. पोस्टमन दारात उभा राहून हाक मारायचा, शेवंती खरात. धोंडिराम बिल घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी जाऊन भरायचा.

"मीच भरतो," तो म्हणाला.

धम्मपालनं कपाळाला हात लावला.

"हे बघा काका," मॅडम हळू बोलायला लागल्या, "नवरा-बायको म्हणजे एक कुटुंब. दोघांपैकी कुणाच्याही नावावर दुसरीकडं घर असेल तर खोली स्कीममध्ये बसत नाही. त्या हयात असताना हे घर झालंय. तुम्ही एकत्र राहत होता का?"

बाहेर बाया ऐकत होत्या. शेजारची लता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. शेवंतीला रिक्षात बसवताना तिनं कितीदा पायांकडून धरलं होतं.

"नाही मॅडम," धम्मपाल पटकन म्हणाला. "वेगळे राहत होते. पटत नव्हतं दोघांचं."

"त्यांना बोलू द्या."

धोंडिरामनं अस्मिताकडं बघितलं. ती गॅसपाशी उभी होती आणि आपल्या नखांकडं बघत होती. तिच्या मागं भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्याच्या शेजारी शेवंतीचा, हार घातलेला. तो काढून ठेवायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"व्हय," तो म्हणाला. "येगळी ऱ्हात होती."

बाहेर कुणा बाईनं च् च् केलं. लता दारातून निघून गेली.

"मग तसं प्रतिज्ञापत्र द्या. बुधवारपर्यंत," मॅडम म्हणाल्या. त्यांनी फोटोकडं बघितलं आणि नंतर टॅब बंद केला. "मला कागद लागतो. बाकी काही लागत नाही."

मंगळवारी धोंडिरामनं इस्त्रीचा शर्ट घातला. धम्मपालनं त्याला बाइकवरून तहसील ऑफिसला नेलं. बाहेर पिंपळाखाली टायपिंगवाले बसायचे. चंद्रप्रकाश धम्मपालच्या ओळखीचा. जौनपूरचा माणूस, पण वीस वर्षं मराठी टाइप करून मराठीत एकदम पक्का.

"सेपरेटचा मॅटर आहे ना? फॉरमॅट रेडी आहे," तो म्हणाला. त्यानं फक्त नावं भरली. प्रिंटरमधून कागद बाहेर आला. "वाचून दाखवतो, मग बोलू नका की चाचाला सांगितलं नाही."

आणि तो वाचायला लागला.

"मी, धोंडिराम महादू खरात, वय बासष्ट, धंदा गवंडीकाम, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, माझी पत्नी कैलासवासी शेवंती..."

"कालकथित लिही रे," धम्मपाल म्हणाला. "आमच्यात कैलासवासी नसतं."

"हो हो, सॉरी." चंद्रप्रकाशनं तेवढं सुधारून दुसरा कागद काढला. "कालकथित शेवंती ही आपसातील मतभेदांमुळे सन दोन हजार बावीसपासून तिच्या मृत्यूपर्यंत माझ्यापासून विभक्त राहत होती. त्या काळात आमच्यात पती-पत्नीचे कोणतेही संबंध नव्हते. तिच्या घराशी, निर्वाहाशी व औषधोपचाराशी माझा काहीही संबंध नव्हता व नाही."

"औषधोपचार कशाला?" धोंडिरामनं विचारलं.

"फॉरमॅटमध्ये आहे, चाचा. सगळ्यांच्यात असतं."

"ते काढा."

"काढला तर साहेब विचारणार, खर्च कोण करत होता? तुम्ही करत होता, तर सेपरेट कसे?"

धम्मपालनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, कागद आहे हा. काकूंना माहीत आहे ना खरं काय ते. अस्मिताचा विचार करा."

"तिचाच करतोय."

चंद्रप्रकाशनं कागद पुढं सरकवला आणि पेनाचं टोपण काढून दिलं. "इथं सही. आणि खाली एक."

धोंडिरामनं पेन घेतलं. कागदावर हात टेकवला. 'ध' काढायला पेन खाली आलं आणि तसंच राहिलं. मागं कुणीतरी आपल्या पाळीची वाट बघत होतं. बाकड्यावरची बाई बाळाला थोपटत होती.

त्यानं पेन परत ठेवलं.

"शाई द्या," तो म्हणाला.

"काय?"

"अंगठ्याची शाई."

"सही येत नाही का?" चंद्रप्रकाशनं धम्मपालकडं बघितलं. "तू तर म्हणालास सही करतात."

"येते त्यांना. काका, सगळ्या पावत्यांवर सही आहे तुमची..."

"येती मला," धोंडिराम म्हणाला. "पर ह्याला अंगठाच घ्या."

चंद्रप्रकाशनं खणातून शाईचं पॅड काढलं. खूप दिवसांत कुणी वापरलं नसावं, वाळलं होतं. त्यानं त्यावर दोन थेंब पाणी टाकलं. धोंडिरामनं डावा अंगठा टेकवला आणि कागदावर दोन ठिकाणी उठवला. सिमेंटनं अंगठा झिजला होता. रेषा काही नीट उठल्या नाहीत, नुसते दोन जांभळे ठिपके उठले.

"चालतं," चंद्रप्रकाश म्हणाला. "साक्षीदार सही करतोय ना."

घरी आला तेव्हा साडेचार झाले होते. अस्मिता कामावरून लवकर आली होती. तिनं विचारलं, झालं का? तो म्हणाला, झालं. तिनं त्याचा अंगठा बघितला. चहा टाकला.

चहा पिऊन त्यानं बादली भरली आणि भिंतीला पाणी मारलं. तांब्या तांब्यानं, वरून खाली. विटा पाणी पिताना बारीक आवाज करत होत्या. खाली ओघळ आले ते अस्मितानं फडक्यानं पुसले.

मग त्यानं पाच लिटरचा कॅन घेतला, तो भरला आणि खुंटीवरची किल्ली काढली.

"कुठं निघालात?"

"मागच्या बाजूनं पाणी मारायचंय."

"सर्व्हे झाला ना बाबा आता. आणि दोन महिन्यांनी सगळं पाडणारच आहेत."

"भिंतीला दोन्ही बाजूंनी पाणी लागतं," तो म्हणाला. "न्हाईतर एकीकडून कच्ची ऱ्हाती."

तो गल्लीतून निघाला. पाच लिटरचं ओझं, पण पुलापर्यंत दोनदा हात बदलावा लागला. पुलावर थांबून दम खाल्ला. चौकात पलीकडच्या पालिकेची पाटी होती, आपले स्वागत आहे म्हणून. तिथून रस्ता उतरत मागं आला. त्यानं कुलूप काढलं.

खोलीत कोंदट वास होता. गादी तशीच गुंडाळलेली, खुंटीला पिशवी तशीच. समोर भिंत. ह्या बाजूनं सांधे भरायचे राहिले होते, माल विटांच्या मधून बाहेर आला होता. असं काम त्यानं कुणाकडं केलं नव्हतं. त्यानं आधी बोटानं सांधे साफ केले. मग ओंजळीत पाणी घेऊन भिंतीवर मारत गेला. तांब्या पलीकडं राहिला होता.

भिंतीपलीकडं अस्मिता भांडी लावत होती. एकेक भांडं ओळखू येत होतं. हा हंडा, ही परात, हा कुकर. कॅन रिकामा झाला तसा तो खाटेच्या कडेवर बसला, उशाची बाजू सोडून, जिथं तो पूर्वी बसायचा.

"अस्मे," त्यानं हाक मारली.

आवाज थांबला. "काय बाबा?"

"काय न्हाई. ऐकू येतंय का बघितलं."

"येतंय."

"मग कर तुझं काम."

भांड्यांचा आवाज परत सुरू झाला. धोंडिराम ओल्या भिंतीकडं बघत बसून राहिला. उद्या सकाळी आणि संध्याकाळी, असं सात दिवस पाणी मारायचं होतं.